एकोणतीस सालचं घर

ओरिस्याने लाकडी फावड्याने निखारे बाहेर ओढले, भट्टीच्या तोंडाशी हात धरून धग पाहिली आणि कोबीच्या पानांवर मांडलेले पाव एकेक करून आत सारले.

"उशीर केलास," मागून ओनुफ्री म्हणाला. "वरची साल कच्ची राहणार. आईचे पाव असे नसायचे."

"आई मी आहे की तू? मुकाट्याने लसूण निवड."

ओनुफ्रीने मान खाली घातली आणि लसणाची पात वेणीत गुंफू लागला. त्याची नव्वदी जवळ आली होती, आणि आईने अजून चाळिशी ओलांडली नव्हती. ओनुफ्रीच्या घराण्याचं, हाव्रिल्युकांचं, हे घर त्यांच्या शेतावरून उचलून, लांब गाडीवर चढवून या संग्रहालयात आणलं, त्याला बरीच वर्षं झाली. कॅनडाच्या या माळरानावर पहिल्यांदा नांगर घालणाऱ्या आमच्या युक्रेनी लोकांची अशी तीसेक घरं इथे एका गावासारखी मांडली आहेत. प्रत्येक घराला त्याचं साल ठरवून दिलेलं आहे. हाव्रिल्युकांचं साल एकोणीसशे एकोणतीस. डोक्याला रुमाल बांधून घराचा उंबरठा ओलांडला, की ओरिस्या ही ओनुफ्रीची आई वासिलीना होते आणि दाराला कुलूप लागेपर्यंत तिला त्या सालातून बाहेर पडायची मुभा नसते. आलेल्या माणसाने फोन दाखवला, तर हा कसला आरसा म्हणून विचारायचं. नियम मोठा कडक आहे. आमच्या लोकांना खोटं बोलायची लाज वाटते, पण पगार देऊन बोलायला लावलं तर आम्ही ते मन लावून बोलतो.

ओनुफ्री शुद्धीवरचा माणूस होता. आपली आई ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी मे महिन्यात फाटक उघडलं की दर गुरुवारी पुतणीच्या गाडीतून तो यायचा, भट्टीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसायचा आणि संध्याकाळपर्यंत सात वर्षांचा होऊन राहायचा. पुतणीला वाटे, म्हाताऱ्याला विरंगुळा आहे. तो विरंगुळा नव्हता. वासिलीना त्या सालच्या ऑक्टोबरात गेली आणि संग्रहालय सप्टेंबरातच बंद होतं. या घरात ती कधी मरतच नव्हती.

आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी शहरातलं एक जोडपं डोकावलं.

"हे आजोबा कोण?" बाईने विचारलं.

"आजोबा कसले? धाकटा आहे माझा," ओरिस्या म्हणाली. "सात वर्षांचा घोडा झालाय, पण बदकं राखायला सांगितलं की याच्या पोटात दुखतं."

ओनुफ्रीने त्यांना जीभ काढून दाखवली. जोडपं खो-खो हसलं, पावाचा फोटो काढून निघून गेलं.

ते दिसेनासे झाल्यावर ओरिस्याने दार लोटलं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि डोक्यावरचा रुमाल मागे सारला.

"ओनुफ्रीकाका, तुम्हाला एक सांगायचंय."

त्याचे हात थांबले. "काका नको म्हणूस. दार लावायची वेळ झाली नाही अजून."

"झाली नाही, पण मॅनेजर ग्लेन सांगायच्या आत मी सांगितलेलं बरं. या घराचं साल बदलतंय. पुढच्या मेपासून एकतीस."

ओनुफ्रीने अर्धवट वेणी मांडीवर ठेवली.

"एकतीस साली टेक्ला होती," तो म्हणाला. टेक्ला त्याची सावत्र आई.

"हो."

"टेक्ला कुणी व्हायचं?"

ओरिस्याने हातातला पिठाचा फडका उगीच झटकला.

"म्हणजे तूच," तो म्हणाला. "तोंड हेच आणि बाई दुसरी."

"मी नाही म्हणाले होते, काका. ग्लेन म्हणाला, मग दुसऱ्या कुठल्या घरात काम नाही. माझ्या पोरींचं कॉलेज आहे."

"पण एकतीसच का?"

"शिवणयंत्रामुळे. तुम्हीच सांगितलं होतंत ना, त्या साली टेक्लाने माहेरून शिवणयंत्र आणलं, सगळा गाव बघायला लोटला होता म्हणून? तसलं यंत्र मिळालंय त्यांना. लोकांना ते बघायला आवडेल."

ओनुफ्री हसला. ते हसू ऐकवत नव्हतं. संग्रहालयातून मुलाखत घ्यायला आलेल्या पोरीला त्याने हौसेने, चहावर चहा पाजून ती गोष्ट रंगवून सांगितली होती. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"वाईट नव्हती बिचारी टेक्ला," तो म्हणाला. "माझे सदरे तिनेच शिवले." मग स्टुलाला धरून सावकाश उठला. "पाव काढ. करपतील."

पाव चांगले झाले होते. त्याने एकाला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि काही खोड काढली नाही. ओरिस्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गावातली घंटा वाजली. आमच्यात लांबच्या प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी घडीभर गप्प बसायचं असतं. जाणारा बसतो, राहणारे बसतात, मग जाणारा उठतो. न बसता निघालं तर प्रवास धड होत नाही म्हणतात. हंगाम संपताना कुलूप लावण्याआधी संग्रहालयातली माणसंही घरोघरी तशी बसतात. ओरिस्याने रुमाल पुन्हा नीट बांधला, देवांच्या तसबिरींखालच्या बाकावर टेकली आणि शेजारी हात थोपटला.

"बस रे, ओनुफ्रू."

तो उभाच राहिला.

"बस ना. असं करू नये."

"त्या दिवशी बसलो होतो," तो म्हणाला. "बाबा गाडी जुंपून आला. तुझा ताप उतरत नव्हता, इस्पितळ लांब होतं. तरी आपण सगळे बसलो. मी इथेच, तुला चिकटून. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. सगळं रीतसर झालं होतं. काही म्हणता काही चुकलं नव्हतं."

ओरिस्याचे डोळे भरून आले. ती एकोणतीस सालची राहिली.

"मग आता का बसत नाहीस?"

"मी बसलो की तू उठशील."

दार ढकलून ग्लेन आत आला, हातात किल्ल्यांचा जुडगा. काहीतरी बोलणार होता, पण ओरिस्याला बाकावर बसलेली पाहून त्याने टोपी काढली आणि न विचारता दाराजवळच्या पेटीवर बसला. तोही आमच्यातलाच. बसलेल्यांत उभं राहू नये, एवढं त्याला कळत होतं.

आता एकटा ओनुफ्री उभा होता. बाहेर पुतणीने हॉर्न वाजवला. त्याने भट्टीच्या कडेला हात टेकला, मग दुसराही टेकला. विजारीच्या आत त्याचे गुडघे थरथरताना दिसत होते. ओरिस्याला धावून त्याला धरावंसं वाटलं, पण धरायचं तर उठावं लागलं असतं. ती बसून राहिली. त्याने ओठ आवळले, भिंतीला पाठ लावली, आणखी थोडा तग धरला. मन सात वर्षांचं असलं तरी पाय नव्हते. ते वाकले, आणि तो घसरत घसरत स्टुलावर येऊन बसला.

लगेच त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हे नाही धरायचं," तो घाईघाईने म्हणाला. "मी बसलो नाही. पाय गेले माझे. हे धरू नकोस, आई."

"नाही धरत," ओरिस्या म्हणाली.

तिने मांडीवरचं पीठ झाडलं आणि ती उठली.