पाच मिनिटं मराठीत

“डू यू नो मराठी?” साहेबांनी विचारलं.

“आपण मराठीत विचारून तर बघा,” एडिथबाई म्हणाल्या.

साहेब वरमले. साल अठ्ठावन्न, पुण्यातली कलेक्टर कचेरी. मिशनने गाशा गुंडाळला होता आणि सगळ्या मडमा मायदेशी निघाल्या होत्या. एडिथबाईंनी मात्र नागरिकत्वाचा अर्ज केला होता. जन्म पुणे, वय एक्केचाळीस, नर्स. अर्ज फेटाळला तर महिन्याभरात देश सोडायचा. सोबत विश्रांतवाडीची सरुबाई होती. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आता ती ऐंशीला टेकली होती.

एडिथबाईंचा बाप मिशनरी, गावोगाव प्रवचनं करत हिंडला, आईने अनाथाश्रम चालवला. दीडशे पोरांची आई ती. पोटच्या पोरीच्या वाट्याला दीडशेवा हिस्सा! पुढे पोरीला स्कॉटलंडच्या शाळेत धाडलं. तिथे ‘हिंदुस्थानी’ म्हणून चिडवलं, परत आल्यावर इथे ‘मडमेची पोर’ म्हणून. दुसरी कोणी असती तर खचली असती. या बाईंनी वीस वर्षं कसब्यातल्या बायकांची बाळंतपणं केली, वर त्यांच्या सासवांना अस्सल पुणेरीत गप्प बसवलं. काय म्हणावं या बाईला!

“भाषेची परीक्षा घ्यावी लागते,” साहेब म्हणाले. “पाच मिनिटं काहीही बोला.”

“सात वर्षांची होते,” एडिथबाईंनी सुरुवात केली. “बोटीवर चढवताना आई म्हणाली, रडायचं नाही, लोक बघतायत. नाही रडले. आठ वर्षं घरी आले नाही, तरी नाही. वडील गेले, तेव्हाही नाही. झाली का पाच मिनिटं?”

“झाली,” साहेब हळूच म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. “इथे सही. जुना पासपोर्ट जमा करायचा. तिकडे कोणी आहे?”

“आई. स्कॉटलंडला परत गेलीय, एकोणऐंशी वर्षांची आहे. घरी ये म्हणून लिहिते.”

पेन कागदावर थबकलं. पुढे सरेना.

“काय लिवलंय त्यात?” सरुबाईने विचारलं.

“तो देश सोडला म्हणून लिहून द्यायचं.”

“मंग दे की. देश सोड म्हंत्यात, आईला सोड न्हाई म्हनत.” सरुबाईने एडिथबाईंच्या पाठीवर हात ठेवला. “आन् रडायचं आसंल तर रड, बाय. हितं समदी आपलीच मानसं हायती.”

एडिथबाईंनी सही केली. मग टेबलावर डोकं ठेवलं.

साहेब उठले, दार ओढून घेतलं आणि बाहेर शिपायाच्या स्टुलावर जाऊन बसले.