भाऊजींचा थरथरता हात

ताईच्या दारातला चपलांचा ढीग पार फाटकापर्यंत पोचला होता. आत हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, कुणी सोफ्याच्या हातावर, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर, आणि सगळ्यांचे डोळे त्या जुन्या, मागून फुगलेल्या टीव्हीला चिकटलेले. टीव्हीशेजारच्या खुर्चीत शाल पांघरून एक गृहस्थ बसले होते. दर दोन वाक्यांत ‘तरंग’ हा शब्द आलाच पाहिजे असा त्यांचा नेम होता, म्हणून लोक त्यांना तरंगबाबा म्हणत. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ घरोघरी गालिचे विकायचे. पहिल्या धुण्यात गालिच्याचा रंग गेला आणि दुसऱ्या धुण्याआधी हे गेले.

पडद्यावर ताईचा नवरा होता, चार महिन्यांपूर्वी वारलेला. लेकीच्या वाढदिवसाचं जुनं चित्रण. मधे केक, भोवती पाहुणे, मागे भाऊजी. पाहुणे ठोकळ्यासारखे बसलेले, पण भाऊजी जरा हलले की हिसके बसायचे, एक पाऊल पुढे, अर्धं मागे. मधेच चेहऱ्यावर चौकोन चौकोन उमटायचे, जाळीमागे कोंडल्यासारखे. टीव्हीचा आवाज बाबांनी पहिल्या दिवशीच बंद केला होता. आवाज जड असतो म्हणे, तरंग त्याखाली चिरडतात. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर एक पांढरं फडकंही त्यांनीच टाकलं होतं.

“आहेस ना इथे?” बाबांनी पडद्याला विचारलं. “असशील तर सगळं थांबव. आणि हात हलव.”

सगळं थांबलं. मेणबत्तीची ज्योत थांबली, पाहुण्यांचं चघळणं थांबलं. भाऊजींचा उजवा हात तेवढा थरथरत राहिला. थांबायचं नाव घेईना.

मागे कुणीतरी हुंदका दिला. निवृत्त पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. दाराशी उभ्या असलेल्या मामाला मात्र दरदरून घाम फुटला होता.

मामा हा ताईचा सख्खा धाकटा भाऊ. बाजारात त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि गिऱ्हाइकांपासून पोलिसांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. वय पंचेचाळीस, अंगातल्या खोड्या बारा वर्षांच्या. न्हाव्याच्या खुर्चीखाली सायकलची घंटा बसवणारा हाच. भुताखेतांना घाबरणाऱ्यांतला तो नव्हे. त्याला घाम फुटला होता तो एवढ्यासाठी, की ही डिस्क त्यानंच बनवली होती.

भाऊजी गेल्यावर ताईनं घरातल्या व्हिडिओच्या सहा फिती त्याच्याकडे आणून दिल्या होत्या. घरात आता फितीचा प्लेअर राहिला नाही, एवढ्या डिस्कवर उतरवून दे म्हणाली. मामानं हो हो म्हटलं, नेमका त्या दिवशी त्याला क्रिकेटचा सामना बघायचा होता. सहा तासांचं चित्रण त्यानं एकाच डिस्कवर कोंबलं, कॉम्प्युटरनं विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांवर न वाचता टिचक्या मारल्या आणि डिस्क ताईला नेऊन दिली. लावूनसुद्धा बघितली नाही. आठवड्याभरात शेजारणीनं बाबांना आणलं, आणि मामाची गचाळ कामगिरी चमत्कार होऊन बसली.

दुकानावर पाटी होती, ‘चित्र बिघडलं? मामा आहे ना!’ आता चारचौघांत उठून सांगायचं कसं, की हे मीच बिघडवलंय? चार दिवसांत कंटाळतील लोक, असं म्हणून तो अकरा दिवस गप्प राहिला होता.

त्या दिवशी बाबा आणखी पुढे गेले. आत्मा फितीत अडकलाय, सुटकेसाठी हात जोडून तळमळतोय, असा त्यांनी निकाल दिला. रविवारी चार वाजता परसातल्या पत्र्याच्या पिंपात सहाही फिती जाळायच्या, डिस्क मात्र ठेवायची. आणि हा हॉल आता जागृत झाल्यामुळे बाबांचा मुक्काम इथेच.

ताईनं मान डोलावली. लोक गेल्यावर मामानं तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि फितींचं फारसं मनावर घेऊ नकोस, असं काहीतरी पुटपुटला. ताटात वाढलेलं तसंच होतं.

“बघितलास ना तो हात?” ताई म्हणाली. “हे तिथे तडफडतायत आणि मी इथे जेवू? जाळून टाकते रे सगळं. पुन्हा नाही दिसले तरी चालतील, पण सुटू देत.”

 फिती पुन्हा एकदा तपासतो म्हणून मामानं फितींची पिशवी उचलली आणि तडक दुकान गाठलं.

वाढदिवसाची फीत त्यानं दुकानातल्या जुन्या प्लेअरमध्ये लावली. चित्र स्वच्छ. हिसका नाही, चौकोन नाही. मग त्यानं आपण टिचक्या मारलेले प्रश्न एकेक करून वाचले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. आता एकच कोडं राहिलं होतं, बाबा म्हणतील तेव्हा चित्र थांबतं कसं? चहा पिता पिता त्याला आठवलं, की हात थरथरायच्या आधी शाल थरथरते. आणि टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यावरच ते पांढरं फडकं का, हेही कळलं. मग मामा एकटाच खो खो हसत सुटला.

शनिवारी त्यानं बाबांकडे जाऊन अगदी लीन चेहऱ्यानं विनंती केली, भक्तांसाठी आपलं चित्रण करू का? बाबांनी केस विंचरले, शाल नीट केली आणि अर्धा तास हातवारे करून तरंग समजावले.

रविवारी फाटकाबाहेरही गर्दी होती. परसात पिंप तयार होतं, फितींची पिशवी ताईच्या मांडीवर. बाबा अंघोळीला गेले असताना मामा वायर बघायच्या निमित्तानं आधीच येऊन गेला होता.

“शेवटचं विचारतो,” बाबा पडद्याला म्हणाले. “सगळं थांबव आणि हात हलव!”

काहीच थांबलं नाही. पाहुणे केक खात राहिले.

“थांबव म्हणतो ना!” शालीखाली जोरात चुळबुळ सुरू झाली. पडद्यावर एकानं दुसरा तुकडा उचलला.

“बाबा,” मामा दारातून म्हणाला, “रिमोटचे सेल माझ्या खिशात आहेत.”

पोस्टमास्तर आधी हसले, मग इकडेतिकडे बघून गप्प झाले. मामानं पुढे येऊन बाबांच्या शालीतून रिमोट काढला, सेल घातले आणि तो ताईच्या हातात दिला. टीव्हीवरचं फडकं ओढलं आणि आपल्याजवळची डिस्क लावली. पडद्यावर साक्षात तरंगबाबा आले. हात वर केला की हिसका, खाली केला की हिसका, आणि तोंडावर चौकोनांची जाळी.

“आता थांबव, ताई.”

ताईनं बटण दाबलं. इतके दिवस फडक्यानं झाकलेल्या कोपऱ्यात दोन उभ्या रेघा उमटल्या, चित्र थांबल्याची खूण. बाबांचं सगळं अंग स्थिर, उगारलेला हात तेवढा थरथरतोय.

“बाबा, तुम्ही कधी गेलात?” मामानं विचारलं. “कळवायचं तरी.”

हॉल हसण्यानं दणाणला. हे यंत्र बाधित आहे, तरंग उलटे फिरलेत, असं म्हणत बाबा उठले. चपला शोधायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

हसणं ओसरल्यावर मामा ताईसमोर खाली बसला. “बाबानं फक्त बटण दाबलं गं. बाकीची घाण माझी आहे,” तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. अशा फितीवरचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं, एक ओळ याची, एक ओळ त्याची. दोन्ही अर्धी एकापाठोपाठ एक टिपलेली. जे स्थिर आहे ते जुळतं, जे हलतंय ते मधल्या क्षणात पुढे सरकलेलं असतं. चित्र मधेच थांबवलं की टीव्ही दोन्ही अर्धी आलटून पालटून दाखवतो, म्हणून हलता हात थरथरतो. त्यात त्यानं टिचकी चुकीची मारली, नंतरचं अर्धं आधी लावलं, म्हणून चालताना हिसके. आणि सहा तास एका डिस्कवर कोंबल्यावर बारकावे मावणार कुठे? त्याचे झाले चौकोन. बाबांची डिस्क त्यानं मुद्दाम तशीच बिघडवली होती.

“आणि इतके दिवस तू गप्प?” ताईनं विचारलं.

“पाटीची लाज वाटली.”

“मी जेवत नव्हते रे.”

 मामानं उठून नवी डिस्क लावली, एका फितीची एकच, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून बनवलेली. आवाज चालू केला. भाऊजी सरळ चालत केकपाशी आले, तोंड स्वच्छ, गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. त्यांनी उजवा हात उगारून जोरजोरात हलवला आणि ओरडले, “अगं, चित्रण राहू दे! माशी बसतेय केकवर, माशी! ये इकडे, झाकण आण!”

ताई टक लावून बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मामा घाबरला, पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना.

“माशी,” ती म्हणाली. “ह्यांना माशी म्हणून खपायची नाही.” तिनं फितींची पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग लोकांकडे वळून म्हणाली, “आपण तीस जण होतो इथे. एकालाही सुचलं नाही, की आवाज लावून बघावा. मलासुद्धा नाही. यापुढे नवल दिसलं तर बघा खुशाल, पण आधी विचारा, हे केलं कुणी आणि कसं. आणि जो विचारू देत नाही, त्याला घरात घेऊ नका.”

ती स्वयंपाकघराकडे निघाली आणि दारात थांबली. “उरलेल्या पाचही फिती माझ्यासमोर बसून उतरवायच्या. आणि ती पाटी आजच काढ. चल, पानं घेते.”