कटिंगचं टेबल

काखेतली गाठ साधी चरबीची निघाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट आधी मनात वाचला, मग मोठ्याने सांगितलं, आणि गाठ काढलेल्या जागेचे टाके आठ दिवसांनी तोडू म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढ्या दोन वाक्यांसाठी काजताईने तीन आठवडे धड अन्न खाल्लं नव्हतं. बाहेर आल्यावर तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खिशात रुमाल असताना बाहीने डोळे पुसू लागला. बसच्या डेपोत इंजिनं उघडणारा माणूस, बाहीला कायम ग्रीस. गालावर असा काळा पट्टा उठला की तिला तशातही हसू आलं.

"तोंड धुवा आधी," ती म्हणाली. "लोकांना वाटेल वाईटच निघालं."

त्याने घरी चल म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी कारखान्यात तोंड दाखवून येते. का, ते त्याला ठाऊक होतं. आज कटिंगचे म्हातारे मास्तर काम थांबवून टेबल सोडणार होते.

कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली. चौदा मशिनी, खिडकीशी इस्त्री, आणि मधोमध कटिंगचं टेबल. तिथे गणवेश शिवत. वीस वर्षांपूर्वी ती काज करायला म्हणून लागली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पण गेली अकरा वर्षं जेवणाच्या सुट्टीत ती चार घास पोटात ढकलून टेबलाशी जायची आणि मास्तरांकडून कटिंग शिकायची. आधी रद्दीवर, मग अस्तरावर, मग खऱ्या कापडावर. मशिनीवर चुकलं तर उसवता येतं. टेबलावर चुकलं की कापड गेलं. मास्तर तोंडाचे फटकळ. पहिल्या वर्षी तिने कापलेली पँट सगळ्यांसमोर उंच धरून त्यांनी विचारलं होतं, ही माणसाची की खुर्चीची. गेल्या वर्षी मात्र त्यांनी मालकांना स्वच्छ सांगितलं, माझ्यामागे ही. मालक हो म्हणाले. बाईने टेबल सांभाळायचं ही त्या खोलीतली पहिलीच गोष्ट. मशिनीवरच्या बायका तिला आतापासूनच मास्तरीणबाई म्हणून चिडवत. ती वरवर रागवायची.

जिना चढून आत आली, तर टेबलाशी एक अनोळखी माणूस मापाचे पुठ्ठे लावून ठेवत होता. पस्तिशीचा असेल. मशिनी चालू होत्या, पण मान वर कुणी करेना.

मालकांनी तिला बसायला खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाले, टेबलाचं काम म्हणजे दहा तास उभं राहणं, तागे उचलणं. अशा दुखण्यात ते तिच्या गळ्यात घालणं त्यांना बरं वाटलं नाही. चांगला माणूस मिळाला, त्याला शब्द दिला, तो तिकडची नोकरी सोडून आला. तिने आता तब्येत सांभाळावी. मशीन तिचीच आहे, सुट्टी हवी तेवढी घ्यावी. तिने पिशवीतून रिपोर्ट काढून पुढे केला. त्यांनी वाचला. चेहरा खरोखर उजळला, फार छान झालं म्हणाले. मग त्या कागदाची घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.

गाठीचं तिने कारखान्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि कुणाकडे बोलू नका म्हणून बजावलं होतं.

मास्तर तिच्यामागे जिन्यापर्यंत आले. सत्तरीचा माणूस, कठडा धरून उभा राहिला. त्यांची बायको दुखणं अंगावर काढत ओट्याशी उभी राहिली होती आणि तिथेच कोसळली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ते त्यांनी आता काढलं नाही.

"मी मालकांना एवढंच म्हटलं, तिला आता उभं राहायचं काम नको."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी उभी राहीन."

"हो."

"म्हणूनच नाही विचारलं."

दावा साधून केलं असतं तर तिने चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती. इथे सुनावायचं कुणाला? त्यांनी घाबरत रिपोर्टचं विचारलं. तिने सांगितलं. तसा म्हातारा त्या पायरीवरच खाली बसला आणि देवा, देवा करत राहिला. जीव भांड्यात पडला म्हणून की केल्याचा पस्तावा म्हणून, त्यांचं त्यांनाच कळत नसावं. एरवी तिने हाताला धरून उठवलं असतं. आज नाही उठवलं.

ती घरी पोचेपर्यंत नवऱ्याचं शेजारीपाजारी सांगून झालं होतं. लेकीचा फोन दोनदा येऊन गेला होता. स्वयंपाकही त्यानेच केला होता, हे करपल्याच्या वासावरून जिन्यातच कळत होतं. तिने टेबलाचं सांगितलं. तो हातातला डाव तसाच धरून म्हणाला, अगं, जीव वाचला, टेबलाचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, खरं आहे.

आणि ते खरंच होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मनोमन म्हटलं होतं, एवढं निभावू दे, पुन्हा काही मागणार नाही. अगदी मनापासून म्हटलं होतं. आणि आज दुपार व्हायच्या आत तिला टेबल हवं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. दवाखान्यात बाकावर शेजारी एक बाई होती, तिच्याच वयाची. तिला आधी आत बोलावलं होतं; बाहेर आली ती भिंत धरत धरत. काजताईने मुद्दाम तिचा चेहरा आठवला. मन थोडा वेळ थाऱ्यावर आलंही. मग पुन्हा टेबलाशी जाऊन उभं राहिलं.

"तुम्ही एवढे खूश आहात," ती म्हणाली, "की मला रडायला जागाच नाही राहिली."

त्याने गॅस बंद केला. तिच्याजवळ येऊन बसला.

"गाठ साधी निघाली म्हणून रडायला बंदी आहे का?"

तेव्हा ती रडली. हुंदक्याबरोबर काखेतले टाके ओढायचे, म्हणून हात छातीशी धरून, बेताबेताने.

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. नव्या मास्तरांनी कापलेले बसवाहकांचे कोट मशिनीवर आले होते. पहिल्याच कोटाला बाही लावताना तिच्या बोटांना कळलं, मुंढा उथळ आहे. बाही जिथे खांद्याला जोडायची ती गोलाई अर्धं बोट कमी पडत होती. शिवून होईल, दिसेलही नीट. पण घालणारा हात वर करू शकणार नाही. शेजारच्या मशिनीवरच्या बाईनेही ओळखलं. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे तसंच. माल परत येऊ दे, मग कळेल मालकांना."

काजताईने पायडलवरचा पाय काढला. तिला ते नको होतं असं नाही.

मग तिने कोट उचलला आणि टेबलाकडे गेली. आवाज खाली ठेवून म्हणाली की वाहकाला दिवसभर वरची दांडी धरून उभं राहायचं असतं, याने त्याची काख काचेल. नव्या मास्तरांनी बाही ताणून पाहिली. कानापर्यंत लाल झाले. त्यांना तिच्याबद्दल कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि टेबलापासून बाजूला सरकले.

"तुम्हीच काढा, ताई."

ती टेबलाच्या त्या बाजूला उभी राहिली. पुठ्ठा समोर ओढला, आणि माप न घेता एका हाताने मुंढ्याची रेघ नव्याने ओढली. हात लांबवताना टाके दुखले. रेघ कुठे थरथरली नाही. चौदापैकी बऱ्याच मशिनी तेवढ्यापुरत्या थांबल्या होत्या.

"एवढं खोल कापा," ती म्हणाली. "सगळ्यांनाच."

खडू तिने त्यांच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. बोटांना लागलेली पांढरी पूड पुसली नाही. जागेवर येऊन बसली, सुईत दोरा ओवायला गेली, आणि डोळे भरल्यामुळे तो लवकर ओवला जाईना.