माळ्यावर ठेवलेला कुकर

मी एक जुना, पाच लिटरचा कुकर आहे. दांडा जरा हलतो, बूड काळवंडलंय, पण शिट्टी अशी खणखणीत की विंचूरच्या आमच्या गल्लीत कुणाचा भात झाला ते सगळ्यांना कळायचं. खोटं कशाला बोलू मित्रांनो, मला तिचा गर्व होता.

चैतालीच्या लग्नात मी तिच्यासोबत या घरात आलो. तिच्या सासूबाई, नवसाबाई, आधी मला बिचकून असायच्या. मग डाळ मऊसूत शिजू लागली आणि त्याच आल्यागेल्यांना माझं कौतुक सांगू लागल्या. चैतालीचा नवरा दीपक कांदा सुकवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. माझी शिट्टी ऐकली की तो हसून म्हणायचा, "चला, घरचा बॉयलर तयार हाय!"

एके दिवशी कारखान्यात वाफेचा पाइप फुटला. दीपकचा जोडीदार पुंजा त्यात गेला. दीपकला मात्र साधं खरचटलंही नाही, म्हणून घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला.

पुढे एकदा मी नेहमीसारखी शिट्टी दिली, तर दीपकनं समोरचं ताट भिरकावलं, चैतालीला ओढत अंगणात नेलं आणि तिथं थरथरत उभा राहिला. त्याच दिवशी माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या जागी पातेलं आलं. फार वाईट वाटलं मला.

घरातले आवाजच गेले. दाराची बेल काढली, टीव्ही बंद झाला, भांडीसुद्धा हलक्या हातानं घासायची. पुंजाचं नाव तर कुणी काढेचना. दीपक कामावर जाईना, झोपेतून दचकून उठे, मागच्या पडवीत एकटाच जेवे. वर मी एकटा, खाली तो एकटा.

पोराला दृष्ट लागली असं नवसाबाईंना वाटलं. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या आणि दीपक कान झाकून मोरीत जाऊन बसला. नवसाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. मग त्या आणि चैताली त्याला नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

परतल्यावर दोघींच्या बोलण्यातून मला कळलं, की हे वेड नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. अपघात संपला, पण दीपकचं शरीर अजून तिथंच अडकलंय. औषधं, मनमोकळं बोलणं आणि त्या आवाजांची हळूहळू सवय, यांनी उतार पडतो.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मला खाली काढलं. आधी नुसतं समोर ठेवलं. मग दीपकनं मला हात लावला. पुढे शिट्टी न लावता मला गॅसवर चढवलं. आणि एका सकाळी त्यानं आपल्या हातानं शिट्टी बसवली. मित्रांनो, मला माझ्याच आवाजाची धास्ती वाटली.

"आता होईल हं," चैताली म्हणाली.

मी वाजलो. दीपकनं ओटा घट्ट धरला, पण पळाला नाही. मग खाली बसला.

"पुंजानं हाक मारली होती मला," तो म्हणाला. "मी पळालो."

"मंग इतके दिवस बोलला का नाय रे?" नवसाबाईंनी विचारलं.

"तुम्ही सगळे गप गप राहायचे. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. म्हणून कुणी माझ्याशी बोलत नाय."

चैतालीच्या हातातला डाव तसाच राहिला. ज्याला त्या दोघी जपणं समजत होत्या, तेच त्याला शिक्षा वाटत होतं.

"पळाला म्हणून तर माझ्यापुढं बसलाय ना बाबा!" नवसाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "बोल. पुंजाचं सगळं बोल."

दीपक अजून पुरता बरा नाही. कधी कधी तो हात वर करतो आणि चैताली लगेच गॅस बंद करते. त्यात मला अपमान वाटत नाही. मित्रांनो, गप्प बसवायचंच असेल तर मला बसवा, खुशाल माळ्यावर ठेवा. पण दचकणाऱ्या माणसाशी बोलणं थांबवू नका. तुमच्या गप्प राहण्याचा तो काय अर्थ लावून बसलाय, ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.