कॉम्प्युटर आईचा आहे

उयेनच्या ऑफिसात त्या छाननी करणाऱ्या प्रोग्रामला सगळे ‘सासूबाई’ म्हणत. नाव क्वेतदादांनी ठेवलं होतं. ते या विभागाचे प्रमुख, आणि घरी खरोखरच्या सासूबाईंच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेले, तेव्हा त्यांना अधिकार होता. सासूबाईंचं काम एकच, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची.

आजकाल कुठलाही प्रोग्राम एकटा कुणी लिहीत नाही. जगभरातल्या भल्या माणसांनी फुकट वाटलेले तुकडे उचलायचे, जोडायचे, वर आपली थोडी फोडणी घालायची. मात्र फुकट असलं तरी प्रत्येक तुकड्याला मालकाची अट असते. कुणी म्हणतो माझं नाव ठेवा, कुणी म्हणतो तुमचंही असंच फुकट वाटा. ती अट मोडली तर चोरीच. दा नांग शहरातल्या या छोट्या कंपनीत नदीचं पाणी मोजून पुराआधी भोंगा वाजवणारी यंत्रं बनत, आणि ती घेणारं जपानी गिऱ्हाईक यंत्राच्या आधी अटींची यादी मागे. म्हणून माल निघण्यापूर्वी उयेन सासूबाईंना कामाला लावी. चाळीस हजार फायली त्या एका दुपारी वाचून काढत आणि शेवटी हिरव्या, पिवळ्या, लाल ओळी दाखवत. लाल ओळ दिसली की उयेन त्या त्या पोराच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. तिला पाहून पोरं चहाला पळत.

त्या सप्टेंबरात गिऱ्हाइकाच्या आग्रहाने जुन्या फायलीही पहिल्यांदाच सासूबाईंपुढे ठेवल्या, आणि एकच लाल ओळ निघाली. पुढे लिहिलं होतं, ‘अट अज्ञात’.

उयेनने फाइल उघडली. पाण्याच्या आकड्यांवर काम करणारी चारशे ओळींची साधी फाइल. लेखकाचं नाव व्हो दिन थिएन. कोडच्या वर, माणसांनी माणसांसाठी टिपा लिहायच्या जागेत, त्याने लिहिलं होतं: ‘फुकट आहे, खुशाल न्या. पण वापरायच्या आधी माझ्या आईला विचारा. कॉम्प्युटर तिचा आहे.’ खाली पत्ता होता. दिएन बान, बाजाराच्या मागे, लियूबाईंचं शेवयांचं दुकान.

जगातल्या दोन हजार परवान्यांची भाषा सासूबाईंना तोंडपाठ होती. आईला विचारायची अट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

“गंमत केलीय कुणीतरी,” क्वेतदादा म्हणाले.

“गंमत असली तरी अट आहे, दादा.”

“मग ती फाइल काढून टाका आणि दुसरी लिहा.”

तिघं जण आठवडाभर झटले. होडी गेली की नदीत लाट उठते, ती लाट कुठली आणि पूर कुठला, हे त्या फाइलीला कळत होतं. यांच्या नव्या फाइलीला कळेना. प्रत्येक होडीमागे भोंगा बोंबलायला लागला. अशी यंत्रं लावली तर आठवड्यात नदीकाठचे गावकरी भोंग्याकडे लक्ष देईनासे होणार, आणि मग खरा पूर आला की कोण उठणार? ती फाइल मुळात कुणी उचलून आणली, तेही कुणाला आठवेना. अशा वेळी ऑफिसातल्या सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम जाते.

“तीस तारखेला माल बोटीवर चढतो,” क्वेतदादा म्हणाले. “जा आणि म्हातारीची सही घेऊन ये. वकिलाचा कागद ने. एका सहीचं तर काम.”

*

शनिवारी दुपारी उयेन स्कूटरवरून दिएन बानला पोचली तेव्हा लियू मावशी दुकान आवरत होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, शेवयांना लावायच्या हळदीने मनगटापर्यंत पिवळ्या. थिएनचं नाव ऐकताच त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“तू त्याच्या कॉलेजातली का गं?”

“नाही मावशी. मी कंपनीतून आलेय. त्यांची परवानगी... म्हणजे तुमची हवी होती. ते भेटतील का?”

मावशींनी तिला आत नेलं. भिंतीवरच्या पितरांच्या फळीवर, म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंच्या रांगेत, चष्मा लावलेला एक तरुण हसत होता. चार वर्षं झाली होती. सोमवारी ताप आला, शुक्रवारी तो नव्हता. सव्विसाव्या वर्षी. मावशींनी हे दोनच वाक्यांत सांगितलं, जास्त त्यांना कधीच जमलं नसावं.

उयेनने चाचरत चाचरत त्या अटीबद्दल सांगितलं. मावशी आधी बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या.

“लबाड! कॉम्प्युटर मी घेऊन दिला ना, म्हणून सगळ्यांना तेच सांगायचा. मित्र खेळायला मागायचे, तर म्हणायचा, आईला विचार, कॉम्प्युटर तिचा आहे. स्वतःला नाही म्हणता यायचं नाही, मग आईला पुढे करायचं!”

“मग सही...”

“वस्तू त्याची आहे, पोरी. त्याला विचारल्याशिवाय मी कशी देऊ?”

त्यांनी फळीवरची बशी काढली. बशीत दोन जुनी नाणी होती, एका बाजूला चुना फासलेली. उदबत्ती लावून त्या फोटोशी थोडा वेळ पुटपुटल्या आणि नाणी बशीत टाकली. एक पांढरं, एक काळं पडलं तर गेलेला माणूस हो म्हणतो. दोन्ही काळी पडली.

“नाही म्हणतोय. आज मूड नसेल. आणि एका दिवसात दोनदा विचारायचं नसतं, आधीच हट्टी आहे तो. पुढच्या शनिवारी ये.”

“नाण्यांवर अडलंय?” सोमवारी क्वेतदादा ओरडले. उयेनच्या हे लक्षात आलं, की ओरडले तरी हसले नाहीत. त्यांच्याही घरी तशी बशी होती.

*

दुसऱ्या शनिवारी मावशी वाट पाहत होत्या. दुकान लवकर बंद करून, केस विंचरून बसल्या होत्या.

“त्याने लिहिलंय तरी काय? मला दाखव की.”

उयेनने फाइल छापून आणली होती. आकडे आणि चिन्हं पाहून मावशींचा चेहरा पडला. मग उयेनने टिपा वाचायला घेतल्या. कंपनीत सात वर्षं ही फाइल चालत होती, पण टिपा कुणी वाचल्या नव्हत्या. चालतंय ना, मग कशाला खाजवा, असा या धंद्याचा कायदा.

“‘आज फेरीबोटीने पुन्हा फसवलं. पूर नव्हता, नुसता थान काका घाईत होता.’”

“थान काका!” मावशी ओरडल्या. “अगं तो आहे अजून! नदीवर घाईच करतो मेला!”

“‘ही ओळ का चालते मला माहीत नाही. कृपया हात लावू नका.’”

“असाच होता. सायकल दुरुस्त करायचा तेव्हाही असंच.”

“‘आई म्हणते, पूर येणार असला की मुंग्या अंडी घेऊन वर चढतात. मुंग्यांना यंत्र लागत नाही. मला लागतं.’”

उयेनने पुढची टीप वाचली आणि वाचता वाचताच तिला वाटलं, ही आधी बघून ठेवायला हवी होती.

“‘आईने जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा. उरलेलं उद्या.’”

मावशी उठल्या, उगाचच चुलीपाशी गेल्या, तिथलं फडकं या हातातून त्या हातात केलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तीनदा हाक मारल्याशिवाय कधी उठला नाही.” मग फडक्यात तोंड घालून रडल्या. उयेनला अशा वेळी काय करायचं ते येत नसे. ती जाऊन शेजारी उभी राहिली, इतकंच.

डोळे पुसून मावशींनी विचारलं, “किती राहिलंय?”

“अर्धं झालं.”

मावशींनी बशी आणली. नाणी पडली. उयेनने स्पष्ट पाहिलं, एक पांढरं, एक काळं. त्याच क्षणी मावशींनी बशीवर पंजा झाकला.

“नाही म्हणाला,” त्या म्हणाल्या. उयेनकडे न बघता. “उरलेलं पुढच्या शनिवारी वाच.”

उयेनच्या तोंडाशी शब्द आले होते. कामात अर्धी ओळ इकडची तिकडे झाली तरी जी पोरांच्या डोक्यावर बसे, तिने ते गिळले. “बरं मावशी,” ती म्हणाली. ऑफिसात तिने सांगितलं, नाणी पुन्हा उलटी पडली. आयुष्यात तिने पहिल्यांदाच खोटा अहवाल दिला, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

“पुढचा शनिवार शेवटचा,” क्वेतदादा म्हणाले. “नाहीतर माल धक्क्यावर पडून राहील, आणि नदीकाठच्या त्या गावांचा पावसाळा भोंग्याविना जाईल.”

*

तिसऱ्या शनिवारी उरलेला अर्धा भाग वाचायला वीस मिनिटं लागली. मावशी प्रत्येक टीप दोनदा वाचायला लावत, आणि मग ओठांनी पुटपुटत. शेवटची टीप फाइलीच्या अगदी तळाला होती.

“‘आज चाललं. आईला दाखवलं. तिला काही कळलं नाही. पण दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत होती.’”

“कळलं नाही म्हणे!” मावशी म्हणाल्या. “दुसरं काय करायचं होतं मी? टाळ्या वाजवायच्या?” आणि मग हळूच, “पुढे?”

“पुढे काही नाही मावशी. संपलं.”

मावशींनी या वेळी बशीकडे हात नेला नाही. मांडीवरचा कागद नीट करत राहिल्या.

“मागच्या शनिवारी तो हो म्हणाला होता.”

“मी पाहिलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही नाही म्हणालात ना.” उयेन म्हणाली. “मावशी, तुम्ही त्याला विचारत बसलाय. पण त्याने लिहिलंय, आईला विचारा. त्याचा निर्णय त्याने तेव्हाच तुमच्या हातात दिलाय. मला तुमचं हो हवंय. आणि तुमचं नाही असेल, तर मी तसं जाऊन सांगेन.”

मावशींनी मांडीवरच्या कागदाची घडी घातली.

“गावांना भोंगा मिळायला हवा गं. मला का कळत नाही? आम्ही पूर पाहिलेत. पण सही केली की संपलं. चार वर्षांत त्याचं नाव विचारत या दारात कुणी आलं नव्हतं. तू आलीस. मग तूही येणार नाहीस, आणि दुसरंही कुणी येणार नाही.”

वकिलाचा कागद उयेनच्या पिशवीत होता. त्यावर लिहिलं होतं, सर्व हक्क, कायमचे, विनाअट. तिने तो बाहेर काढला, एकदा वाचला आणि घडी करून परत पिशवीत टाकला. मग वहीचं कोरं पान फाडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘या कंपनीने ही फाइल वापरायला माझी हरकत नाही. बाकी कुणाला हवी असल्यास त्यांनी मला विचारावं.’

“हे चालेल तुमच्या वकिलाला?”

“चालवून घ्यावं लागेल. अट तुमच्या मुलाची आहे. ती पुसायचा हक्क वकिलाला नाही, मलाही नाही.”

मावशींनी सही केली. हळदीचं बोट कागदाला लागलं, त्याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली.

क्वेतदादांनी तो पिवळा डाग लागलेला कागद उजेडात धरून पाहिला, वकिलाला फोन लावून दहा मिनिटं बोलणी खाल्ली, आणि मग कागद स्वतः मालाच्या कागदपत्रांना जोडला. माल तीस तारखेला चढला. त्या संध्याकाळी उयेनने आणखी एक काम केलं, मावशींना विचारूनच. सासूबाईंची परवान्यांची यादी जगभरच्या कंपन्या वापरतात आणि कुणीही तिच्यात भर घालू शकतो. तिने त्यात एक नवी नोंद केली. अट: लेखकाच्या आईला विचारणे. खाली मावशींचा पत्ता आणि फोन.

उयेन त्यानंतरही शनिवारी जात राहिली. कामाचं काही नसे.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, ऐन बैठकीत, मावशींचा फोन आला. त्या कधी दिवसा फोन करत नसत.

“अगं, दारात एक माणूस उभा आहे. इंडोनेशियाचा म्हणतो. तिथे त्यांच्या यंत्राने म्हणे त्याला माझ्याकडे पाठवलंय. दा नांगला कामाला आला होता, तर इकडे आला. एवढंच त्याच्या फोनवरच्या मोडक्यातोडक्या भाषांतरातून कळलं, बाकी त्याची भाषा मला कळत नाही आणि माझी त्याला. पण थिएन, थिएन म्हणतोय गं.”

“काय करायचं मावशी? सांगू का त्याला काही?”

“त्याने वाचलंय का सगळं?”

“टिपा आपल्या भाषेत आहेत. त्याला नाही कळायच्या.”

“मग तू फोनवरच राहा,” मावशी म्हणाल्या. आवाजात एकदम दुकानदारीची घाई आली होती. “मला सगळं पाठ आहे. मी सांगते, तू ते त्याला इंग्रजीत सांग. बस रे बाबा, त्या स्टुलावर बस.”

उयेनने क्वेतदादांकडे पाहिलं. त्यांनी हातानेच दाराकडे खूण केली. ती बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि पलीकडे मावशी पहिल्या टिपेपासून सांगायला लागल्या.