मेणात जपलेला तुकडा

संशोधनाला अनुदान मंजूर झालं, तसं ठाण्याच्या डॉक्टर सरपोतदारबाईंनी कळव्याच्या भागीरथीला बोलावून घेतलं.

"मावशी, दामाजींच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासणीला काढला होता ना, तो आम्ही मेणात जपून ठेवलाय. आता पैसे आलेत. तो नव्याने तपासला, तर तुमच्या शेवंतीला नेमकं कुठलं औषध लागू पडेल, ते कळेल. तपासू?"

भागीरथीच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. अस्थी तिने स्वतः खाडीत सोडल्या होत्या.

"अगं बाई! म्हणजे आमचे हे अजून इथंच?"

"तेवढेच, मावशी."

लेकीचे बापासारखेच सुजलेले पाय तिच्या डोळ्यांपुढे आले.

"तपासा," ती म्हणाली, "पण आधी मला त्यांच्या पाया पडू द्या."