सीमेचा रकाना

“वहिनी, ह्या रकान्यात काय लिवू?” शिडीवरून हरिसिंगने विचारलं. ब्रशवरून पांढरा रंग ओघळत होता.

शीलाने आधी दोन वर्षांच्या अर्पिताला रंगाच्या डब्यापासून उचलून कडेवर घेतलं, मग फलकाकडे पाहिलं. सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर, भिंतीतल्या त्या फलकावर तांड्यातून फौजेत गेलेल्यांची नावं लिहिली जात होती. रकाने तीनच. नाव, हुद्दा, सीमा. वरच्या ओळी भरल्या होत्या: पूंछ, लडाख, जैसलमेर. शेवटचं नाव तिच्या नवऱ्याचं, राजकुमारचं. हुद्द्याखाली ‘नौसैनिक’, आणि पुढे कोरं.

सीमेचा रकाना तिच्या सासऱ्यांनी, निवृत्त हवालदार धावजींनीच घालायला लावला होता. बाजेवरून ते म्हणाले, “राहू दे कोरा. पाण्याले कायची आली सीमा?”

“असं काहून म्हणता, बापू?”

“मंग? दुश्मन बर्फातून येते, रेतीतून येते. पाण्यातून झिंगे येतेत!”

हरिसिंग हसला तशी शिडी हलली.

शीला सकाळीच राळेगावच्या कॉलेजात हेच शिकवून आली होती. संरक्षणशास्त्र, तासिका तत्त्वावर. दिल्लीचे राज्यकर्ते शतकानुशतकं खैबरखिंडीकडे डोळे लावून बसले आणि राज्य घेणारे गलबतांतून, मागच्या दाराने आले. स्वातंत्र्यानंतरही आपलं लक्ष डोंगराकडेच जास्त राहिलं. पोरांनी मान खाली घालून उतरवून घेतलं. तिनेही न अडखळता सांगितलं. राजकुमारचा एकोणीस दिवस फोन नव्हता. जहाज निघालं की कुठे ते घरी सांगायचं नाही, असा नियम.

“बापू, आपले जुने लोक बैलांवर धान्य वाहत, ते कोणासाठी?”

“फौजेसाठी!” धावजी ताठ बसले. “लमाणाच्या बैलाबिगर एक पलटन हालत नोहती.”

“मंग ते बैल काहून बसले?”

“रेल्वे आली ना.”

“अन् रेल्वेचं इंजिन काय खैबरातून आलं?”

धावजींनी मिशीवरून हात फिरवला. “हरिसिंग, एमे झालेल्या सुनेसंग बोलू नाही बावा.”

ओटा झाडणारी सासू, जमनी, कंबर सरळ करून उभी राहिली. “अन् मीठ? मीठ आणाले आपले बैल समुद्रावरच जात होते. माही आजी सांगे. तुमच्या घरचे का पालखीत बसून राहत होते?”

हरिसिंगने हसू दाबलं. धावजी मात्र हसले नाहीत. ते खाली, स्वतःच्या पायांकडे पाहू लागले.

“आमच्या पलटनीतला दलपत वरती बर्फात गेला,” ते म्हणाले. “चार दिवस खांद्यावर घेऊन उतरलो आम्ही. त्याच्या याडीच्या, मायच्या हाती दिला. तिनं तोंड पाह्यलं त्याचं.” मग त्यांनी मान वर केली. “पाण्यातून काय आणून देतेत, शीला? शिकवलं असन ना तुले कॉलेजात.”

तो धडा अभ्यासक्रमात नव्हता. रकाना कोरा कशासाठी हवा होता, ते तिला आत्ता कळलं. तिने अर्पिताला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मले नाही माहीत, बापू,” ती म्हणाली. “पण तो सुटीत येईन. हा फळा वाचन. बापानं माह्या पुढं काहीच लिवलं नाही, म्हणन.”

हरिसिंगने ब्रश डब्याच्या काठावर निथळला.

“लिही,” धावजी म्हणाले. “समुद्र लिही. अक्षर मोठं काढजो.”

हरिसिंग ‘स’ काढू लागला. धावजी बाजेवरून उठले, काठी न घेताच ओट्याच्या कडेपर्यंत गेले. पुढे कपाशीची वावरं, त्यापलीकडे तुरीचा हिरवा पट्टा, एसटीचा रस्ता.

“कोणत्या अंगाले आहे तो, पोरी?”

सकाळी शीलाने फळ्यावर साऱ्या देशाचा किनारा काढला होता. पण जहाज कुठल्या पाण्यात होतं, तिलाही ठाऊक नव्हतं.

“तिन्ही अंगाले, बापू.”

धावजींनी कपाळावर हात आडवा धरला. आधी मावळतीकडे पाहिलं. मग सावकाश वळून दक्षिणेकडे. मग उगवतीकडे.